४३ इंची टीव्ही, जुना डीव्हीडी प्लेअर: आता ब्लू-रे घेण्यात अर्थ आहे का?

अंत्रुजकर

मंडळी, सल्ला हवा. घर गोव्यात, फोंड्याला. टीव्ही ४३ इंची, ४के, भिंतीवर. सोफ्यापासून पडदा ९ फूट. डीव्हीडी प्लेअर पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीचा. टीव्हीला तशी भोकेच नाहीत म्हणून मध्ये एक काळा ॲडॉप्टर आहे. चित्र भुरकट, लाल रंग कडेबाहेर सांडतो.

डिस्क दीडशेच्या आसपास. अर्ध्याहून जास्त मराठी नाटके आणि चित्रपट, व्हीसीडी नि डीव्हीडी मिळून. काही तियात्रांच्या (कोकणी नाटकांच्या) व्हीसीडी. जत्रेतल्या नाटकांची आणि घरच्या लग्नामुंजींची डीव्हीडी-आरवर (घरी लिहिता येणाऱ्या कोऱ्या डीव्हीडीवर) उतरवलेली रेकॉर्डिंग. बाकीचे इंग्रजी चित्रपट. ब्लू-रे (डीव्हीडीच्या पुढची, जास्त बारकाव्याची डिस्क) एकही नाही, पण पुढे थोड्या इंग्रजी डिस्क घ्याव्यात असा विचार आहे.

मेहुणा चवथीला (गणपतीत) दुबईहून येतोय, प्लेअर आणतो म्हणतो. साधा ब्लू-रे सांगू, ४के ब्लू-रे सांगू, की इथेच एचडीएमआयचा डीव्हीडी प्लेअर घेऊन गप्प बसू? साउंडबार आहे, एआरसीवर (टीव्हीतला आवाज बाहेर नेणाऱ्या एचडीएमआय भोकावर) जोडलेला.

हातोडी-पाना

आधी फूटपट्टी काढा, पैसे नंतर.

पडद्याची उंची मोजा, कर्ण नव्हे. ४३ इंचीची उंची साधारण ५३ सेंटीमीटर. नजर चांगली असली तरी उंचीच्या सहापटीपलीकडे बसलात तर डीव्हीडीच्या चित्रातल्या ५७६ आडव्या ओळींपेक्षा जास्त ओळी डोळ्याला वेगळ्या कळत नाहीत. ब्लू-रेच्या १०८० ओळी पुऱ्या वसूल करायला सुमारे तिपटीवर बसावे लागते, ४केच्या २१६० ओळींसाठी दीडपटीवर. तुमच्या टीव्हीला हे आकडे होतात ३.२ मीटर, १.७ मीटर आणि ८५ सेंटीमीटर. तुम्ही बसता ९ फुटांवर, म्हणजे पावणेतीन मीटर. तिथून डोळा ६७० ओळींच्या आसपास पोचतो. डीव्हीडीपेक्षा थोडे जास्त, ब्लू-रेच्या बरेच खाली, आणि ४केचा ओळींपुरता फायदा शून्य. सोफा सहा फुटांवर ओढलात किंवा टीव्ही ६५ इंची केलात तर हिशेब बदलतो.

दुसरे म्हणजे डिस्कवर जे नाही ते प्लेअर आणणार कुठून? व्हीसीडी ३५२ × २८८ ची असते, चित्राला सेकंदाला जेमतेम १.१५ मेगाबिट. तियात्राची व्हीसीडी कितीही महाग यंत्रात घाला, ४३ इंचांवर ती ताणलेलीच दिसणार. उलट चित्र धारदार करणारे प्रोसेसिंग चालू असेल तर चौकोन आणखी उठून दिसतात. अशा डिस्क लावताना टीव्हीचा शार्पनेस शून्याजवळ आणि नॉइज रिडक्शन मध्यमवर ठेवा. बघवेल इतपत होते.

तुमचा खरा रोग वायरीत आहे. पिवळी वायर उजेड आणि रंग एकाच तारेतून पाठवते. टीव्हीला ते पुन्हा वेगळे काढावे लागतात आणि त्या खटाटोपात लाल कडा पसरतात, चौकड्याच्या शर्टावर इंद्रधनुष्य नाचते. त्यात तो काळा ॲडॉप्टर टीव्हीबरोबर आलेला नसेल तर आणखी गोंधळ. ३.५ मिलिमीटरच्या त्या पिनेवर चार कडी असतात. चित्र कोणत्या कड्यावर, ग्राउंड कोणत्यावर, हे सगळ्या कंपन्या सारखे ठेवत नाहीत. चित्र लोळते, काळे-पांढरे येते किंवा स्पीकर घूं घूं करतो, तो यामुळे. तिन्ही वायरी आलटून-पालटून लावून पाहा, कधी जुळते. ग्राउंडचेच कडे वेगळे असेल तर नाही जुळणार.

एचडीएमआयचा साधा डीव्हीडी प्लेअर घ्या, फरक पहिल्या मिनिटात दिसेल. लावल्यावर तीन गोष्टी बदला. टीव्हीचा प्रकार १६:९ करा. तो ४:३ लेटरबॉक्सवर राहिला तर रुंद चित्रपटांच्या ५७६ पैकी ४३२ ओळीच उरतात, आणि बहुतेक जण हे कधी तपासतच नाहीत. आउटपुट ५७६पी, म्हणजे डिस्कच्याच ५७६ ओळींचे, ठेवा. स्वस्त प्लेअरपेक्षा टीव्ही चित्र चांगले मोठे करतो. आणि प्रोग्रेसिव्ह मोड (अर्धी चित्रे जोडून पूर्ण चित्र करणारा) ऑटो किंवा व्हिडिओवर. जत्रेतली नाटके व्हिडिओ कॅमेऱ्याने घेतलेली, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रे. मोड फिल्मवर असेल तर नटाने हात हलवला की कडेला कंगव्याचे दात उगवतात.

मेहुण्याला खजूर सांगा, प्लेअर नको.

काळोखातली खुर्ची

ओळींचे गणित बरोबर, पण ब्लू-रे म्हणजे नुसत्या ओळी नव्हेत.

रंगाचे पाहा. डीव्हीडीवर रंगाची माहिती ३६० × २८८ इतकीच असते, ब्लू-रेवर ९६० × ५४०. म्हणून डीव्हीडीत लाल साडीची कड दुरूनही मऊ दिसते. मग डेटा. डीव्हीडीचे चित्र सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिटचे आणि तेही जुन्या एमपेग-२ पद्धतीचे. ब्लू-रेला ४० मेगाबिटपर्यंत मुभा आहे आणि कॉम्प्रेशनची पद्धतही पुढची. कंदिलाच्या उजेडातला प्रसंग, धुके, पाण्याखालचे चित्रण, तिथे डीव्हीडीत काळ्याचे चौकोन होतात आणि आभाळात पट्टे पडतात. हे ९ फुटांवरूनही दिसते, खोली अंधारी हवी इतकेच. दिवसा गॅलरीचे दार उघडे टाकून बघणार असाल तर माझा मुद्दा बाद समजा.

वेगही वेगळा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या जुन्या पद्धतीची, डीव्हीडी तो २५ने पळवते. दोन तासांचा चित्रपट १ तास ५५ मिनिटांत संपतो आणि आवाज सुधारून घेतला नसेल तर किंचित चढा लागतो. ज्याला गाण्याची सुरावट कळते त्याला हे खटकतेच. ब्लू-रे २४नेच चालते. प्लेअरमध्ये २४पी आउटपुट चालू करा आणि टीव्हीचे मोशन स्मूदिंग बंद, नाहीतर सगळे चित्रपट मालिकेसारखे दिसतात.

आवाजाबद्दल मात्र तुम्हाला उत्साह देणार नाही. ब्लू-रेवरचा डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ साध्या एआरसीतून जात नाही, ऑप्टिकलमधूनही नाही. ईएआरसी (एआरसीची पुढची, जास्त डेटा नेणारी आवृत्ती) लागते किंवा साउंडबारला स्वतःचे एचडीएमआय इनपुट. नसेल तर आतला साधा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ऐकू येतो. तोही वाईट नाही. साउंडबार कुठला आहे ते कळवा.

आता कोणता प्लेअर. घ्यायचाच तर साधा ब्लू-रे नका घेऊ, ४के घ्या. तो ब्लू-रे आणि डीव्हीडी दोन्ही वाजवतो, आणि या धंद्यात फार कोणी उरलेले नाही. ओप्पोने २०१८ मध्ये गाशा गुंडाळला, सॅमसंगने २०१९ मध्ये, एलजीने २०२४ मध्ये. राहिल्या मुख्यतः सोनी आणि पॅनासॉनिक. स्वस्त ४३ इंची टीव्हीचा उजेड एचडीआरला (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्राला) अपुरा असतो. डिस्क १००० निट्सच्या (निट हे पडद्याचा उजेड मोजायचे माप) हिशेबाने बनवलेली आणि पडदा ३००च्या घरातला, मग चित्र अंधारे वाटते. पॅनासॉनिकच्या यूबी८२० मधली एचडीआर ऑप्टिमायझर ही सोय टीव्हीच्या ताकदीप्रमाणे चित्र बसवते. सोनीचा एक्स७०० घेतलात तर डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) हाताने चालू-बंद करावे लागते. चालू ठेवून विसरलात तर साध्या डिस्कचेही रंग बिघडतात.

जोडणी: टीव्हीच्या ज्या एचडीएमआयला एचडीसीपी २.२ (४के डिस्कला लागणारे कॉपीबंदीचे कुलूप) आहे तिथेच, आणि त्या पोर्टचे एन्हान्स्ड किंवा डीप कलर सेटिंग स्वतंत्र चालू करायचे. वायर प्रीमियम हाय स्पीड, दोन मीटरच्या आत. वायर कमी पडली की चित्रावर पांढऱ्या ठिणग्या येतात किंवा पडदा दर काही मिनिटांनी काळा होतो, आणि लोक प्लेअर बदलत बसतात.

अंत्रुजकर

साउंडबार २.१ (दोन स्पीकर, एक सबवूफर), फक्त एआरसी आणि ऑप्टिकल. दोन उपप्रश्न: भाच्याचा पीएस४ (गेमचे यंत्र) पडून आहे, त्यावर काही भागेल का? आणि दुबईचा प्लेअर इथल्या डिस्क घेईल का?

हातोडी-पाना

२.१ असेल तर आवाजाचा विषय संपला.

मुरगाव बंदर

रीजनचे, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी या कुलपाचे, उत्तर देतो, कारण गोव्यात निम्मी यंत्रे आखातातून नाहीतर तारवट्यांबरोबर (जहाजावरच्या खलाशांबरोबर) येतात आणि मग दुकानदाराला दोष मिळतो.

डीव्हीडीला भारत रीजन ५, आखात रीजन २, अमेरिका १. ब्लू-रेला भारत सी, आखात आणि युरोप बी, अमेरिका ए. दुबईचा प्लेअर म्हणजे डीव्हीडी २, ब्लू-रे बी. तुमच्या मराठी नाटकांवर, तियात्रांवर बहुधा रीजनच नसतो, मागे गोलात ऑल किंवा ० लिहिलेले असते; ती चालतील. डीव्हीडी-आरलाही रीजन नाही. अडेल ते भारतात निघालेल्या इंग्रजी चित्रपटांवर, जिथे गोलात ५ आहे. घरातल्या इंग्रजी डिस्क उलट्या करून एकदा मोजा, अंदाज लगेच येईल.

४के डिस्कना रीजन नसतोच, कुठलीही कुठेही चालते. पण त्याच डब्यात जोडीला येणाऱ्या साध्या ब्लू-रेला असू शकतो. ब्लू-रेपैकीही पुष्कळ डिस्क ए-बी-सी तिन्हीकडे चालणाऱ्या असतात; विकत घेण्याआधी त्या नेमक्या आवृत्तीचे पाहायचे.

रीजन उघडता येतो का? डीव्हीडीचा काही मॉडेलमध्ये रिमोटच्या बटणांनी उघडतो. ब्लू-रेचा सहसा नाही, आत हार्डवेअर बसवावे लागते आणि मग वॉरंटी गेली. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हला पाच वेळा बदलू देतात, पाचव्यानंतर तो कायमचा.

विजेचे: दुबईचा प्लेअर आपल्यासारखाच २३० व्होल्टच्या घरातला, फक्त तीन चौकोनी पायांचा प्लग. ॲडॉप्टर लावण्यापेक्षा मागची इंग्रजी आठच्या आकाराची वायर बदला. अमेरिकेहून येणारा मात्र मागची पट्टी वाचल्याशिवाय लावू नका. एसी १०० ते २४० असेल तर ठीक. नुसते १२० असेल तर इथल्या प्लगमध्ये घालताक्षणी आतला पॉवर सप्लाय जळतो.

पीएस४: ब्लू-रे आणि डीव्हीडी चालते, ४के डिस्क नाही, प्रो असला तरी नाही. व्हीसीडी नाही, गाण्यांची सीडीही नाही. डिस्कच्या रीजनचा नियम त्यालाही लागू. ब्लू-रे चालवण्याआधी एकदाच इंटरनेटला जोडावा लागतो. पण तुमच्या प्रश्नाचे सगळ्यात स्वस्त उत्तर तोच आहे, बाब. काळोखाचे प्रसंग असलेली एक ब्लू-रे मिळवा, तोच चित्रपट डीव्हीडीवरही लावा, एकाच एचडीएमआयवरून, रात्री, सोफ्यावरून. फरक दिसला तर मेहुण्याला फोन करा.

आणि प्लेअर कोणताही आणा, त्याच्या माहितीपत्रकात व्हीसीडी हा शब्द शोधा. कित्येक नव्या यंत्रांत तो नसतो. तुमच्या सगळ्या व्हीसीडी तिथेच अडकतील. जुना प्लेअर भंगारात देण्याची घाई नको.

डिचोलीचा सर्किटवाला

सगळे चित्राबद्दल बोलताहेत, पावसाबद्दल कोणी नाही. गोव्यात यंत्र मरते ते जून ते सप्टेंबरमध्ये.

बुरशी लेन्सवर धरते आणि डिस्कवरही. दमट हवा साठ-सत्तर टक्क्यांवर राहिली की तिला पुरे होते, आणि आपल्याकडे पावसाळाभर त्याहून जास्तच असते. डिस्क हवाबंद डब्यात उभ्या ठेवा. दहा लिटरच्या डब्याला शंभर ग्रॅम सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० मध्ये. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दोन तास वाळवून परत वापरा. आतले कागदी कव्हर वेगळे काढा, ओल तेच धरून ठेवते. मऊ प्लास्टिकचे पाकीट नको, ते उन्हाळ्यात डिस्कला चिकटते. आणि कपाटात डांबरगोळ्या अजिबात नको! त्यांच्या वाफेने डिस्कचे पारदर्शक डबे मऊ पडून चिकट होतात.

डिस्क धुताना उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मायक्रोफायबर कापड, आणि पुसणे मधल्या भोकाकडून काठाकडे सरळ. गोल फिरवून पुसू नये: गोल ओरखडा डेटाच्या ओळीबरोबर धावतो आणि प्लेअरला चुका भरून काढता येत नाहीत, आडवा ओरखडा तो सहज ओलांडतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर लावले की डिस्क पांढुरकी झालीच. ब्लू-रेची माहिती पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असते, डीव्हीडीची ०.६ मिलिमीटर. ब्लू-रेवर कडक लेप असतो म्हणून ती ओरखड्याला टिकते, पण बोटाच्या तेलकट ठशाला जास्त कुरकुरते.

एसीच्या खोलीतून यंत्र किंवा डिस्क बाहेर दमट हवेत आणली की काचेवर पाणी धरते. तासभर तसेच राहू द्या, मग चालू करा. टीव्हीच्या मागच्या एचडीएमआयच्या भोकांना समुद्राकाठच्या घरांत हिरवट थर येतो. वर्षातून एकदा वायर काढून-घालून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या काडीने पिन पुसाव्यात. वीज बंद करून, हे सांगायला नको.

फर्मवेअरचा (प्लेअरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) मुद्दा राहिला. नव्या ब्लू-रेवर कुलपाच्या नव्या किल्ल्या असतात. जुने फर्मवेअर असेल तर डिस्क फिरते, लोगो येतो आणि थांबते. लोक ती परत करतात. आधी सेटअपमध्ये आवृत्ती पाहा, कंपनीच्या साइटवरून नेमक्या त्याच मॉडेलची फाइल घ्या, एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर फोल्डरचे नाव न बदलता टाका. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड मेला समजा, म्हणून हे काम इन्व्हर्टर किंवा यूपीएसवरच. विजा चमकत असताना नको.

जुना प्लेअर मडगाव-म्हापशाच्या बाजारात मिळाला तर तपासायला स्वतःची ब्लू-रे घेऊन जा. डीव्हीडी चालली म्हणून ब्लू-रे चालेलच असे नाही. लाल लेसर ६५० नॅनोमीटरचा, निळा ४०५चा, आणि बहुधा निळा आधी थकतो. एका थराची डिस्क आतून बाहेर वाचली जाते, म्हणून शेवटचे प्रकरण लावून पाच मिनिटे पाहा. ५० जीबीची दुहेरी थराची डिस्क असेल तर बरे, पण तिचा दुसरा थर बाहेरून आत वाचला जातो, म्हणून तिचे मधले प्रकरणही पाहा. ट्रे दोनदा दाबल्यावर उघडत असेल तर आतला रबरी पट्टा सैल किंवा चिकट झाला आहे. ते काम स्वस्तातले, त्यावर भाव पाडा.

अंत्रुजकर

पीएस४वर आधी पाहतो मग. मेहुण्याला थांबायला सांगितले. घरच्या डीव्हीडी-आरपैकी दोन मध्येच अडकतात, त्यांचे काय?

डिचोलीचा सर्किटवाला

त्यांना सगळ्यात आधी हात घाला, प्लेअर नंतर. विकतच्या डीव्हीडीत माहितीचे बारीक खड्डे साच्यातून दाबलेले असतात. डीव्हीडी-आरमध्ये नुसता रंगद्रव्याचा थर, तो ऊन आणि उष्णतेने फिका पडतो. एका ड्राइव्हवर अडली तर दुसऱ्यावर लावा, लिहिलेल्या ड्राइव्हवर पुष्कळदा वाचते. धुवून पाहा. मग लिनक्सवर डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून डेटा काढणारा प्रोग्रॅम), ब्लॉक २०४८, आधी सोपा भाग उतरवून नंतर अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा. रात्रभर लागला तरी चालू द्या. तीच लॉग फाइल ठेवून दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे चालवता येते, हा त्याचा मोठा फायदा.

व्हीसीडीला ही युक्ती चालत नाही, तिचे सेक्टर वेगळ्या मापाचे असतात. ती संगणकात घालून एमपेगएव्ही फोल्डरातली डॅट फाइल कॉपी करा, व्हीएलसीत उघडते. कॉपी मध्येच थांबली तर आयसोबस्टर या प्रोग्रॅमने काढा. टीव्हीच्या यूएसबीला डॅट ओळखत नसेल तर शेवटची तीन अक्षरे बदलून एमपीजी करा. तरीही नाही चालली तर हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये एमपी४ करा, मोठी न करता, आहे त्याच ३५२ × २८८ मापात. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि फाइलचा मधला नि शेवटचा भाग प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय मूळ डिस्क टाकू नका.